स्तोत्रसंहितेतला भरवसा : गाऱ्हाण्याच्या पोटातून आलेला

धीर देणारी वचनं म्हणून बायबलमधल्या स्तोत्रसंहितेतल्या, म्हणजे प्रार्थनागीतांच्या संग्रहातल्या, ज्या ओळी कॅलेंडरवर छापल्या जातात, त्यांच्या आधीच्या ओळी सहसा कुणी छापत नाही. तिथं बऱ्याचदा आरडाओरडा असतो. १५० स्तोत्रांत सर्वांत मोठा गट स्तुतीचा नाही, विलापाचा आहे. ढोबळमानाने एक तृतीयांश. देवावरच्या भरवशाची पुष्कळ वाक्यं याच विलापांत सापडतात.

तेरावं स्तोत्र घ्या. जेमतेम सहा वचनं. पहिल्या दोन वचनांतच ‘कुठवर?’ हा प्रश्न चारदा येतो. कुठवर विसरणार आहेस, कुठवर तोंड लपवणार आहेस, असा देवालाच जाब. मग मागणं: माझ्या डोळ्यांत उजेड दे, नाहीतर मी मरेन आणि वैरी मिरवतील. आणि पाचव्या वचनात एकदम पालट: मी तर तुझ्या दयेवर भरवसा ठेवला आहे. सहाव्यात तो गाऊ लागतो. मधे काही घडल्याची नोंदच नाही. शत्रू हटला नाही, दुखणं गेलं नाही.

हा पालट होतो कसा, यावर अभ्यासकांनी बरंच डोकं लढवलं आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मन पंडित हेर्मान गुंकेल यांनी स्तोत्रांची प्रकारवार मांडणी केली आणि विलापाचा साचा दाखवून दिला: देवाला हाक, गाऱ्हाणं, भरवसा, मागणं आणि शेवटी नवस. त्यांचे शिष्य योआखिम बेग्रिख यांनी १९३४ मध्ये पुढचं पाऊल टाकलं. मंदिरात गाऱ्हाणं ऐकून याजक देवाच्या वतीने अभयवचन देत असावा आणि त्यानंतर भक्ताचा सूर बदलत असावा, असं त्यांचं म्हणणं. बायबलमधल्या शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकात असा एक प्रसंग आहेही. मूल नसलेली हन्ना शिलोच्या मंदिरात ओठ हलवत रडत असते. एली याजकाला आधी ती प्यायलेली वाटते. मग तो म्हणतो, शांतीने जा, देव तुझं मागणं पुरवो. ती जाते, जेवते आणि तिचा चेहरा पुन्हा उदास दिसत नाही. मूल अजून व्हायचंच असतं. बेग्रिख यांचा तर्क सगळ्या स्तोत्रांना लावता येत नाही, पण हन्नाची गोष्ट वाचली की तो निव्वळ पंडिती वाटत नाही.

साच्यातला शेवटचा भाग, नवस, मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. संकटातून सुटलेल्या माणसाने मंदिरात उपकारस्तुतीचं अर्पण करायचं आणि चार लोकांसमोर आपली हकिकत सांगायची. बायबलमधल्या लेवीय या नियमांच्या पुस्तकाचा नियम असा की या अर्पणाचं मांस त्याच दिवशी संपवायचं, सकाळपर्यंत काही ठेवायचं नाही. एकट्या कुटुंबाला ते संपणार कसं? पंगत बसवावीच लागत असणार. बाविसावं स्तोत्र ‘माझ्या देवा, माझा त्याग का केलास’ इथून सुरू होतं आणि गरीब लोक पोटभर जेवतील, या वाक्यापर्यंत पोचतं, ते यामुळेच. भरवसा ही एकट्याने मनात जपायची गोष्ट नव्हती. तिला साक्षीदार लागत.

ही रीत आपल्याकडच्या मराठीभाषक ज्यूंच्या बेने इस्राएल समाजात ओळखीची वाटेल. परंपरा सांगते की टिपू सुलतानाच्या कैदेत सापडलेल्या सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी सुखरूप परतलो तर सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, बांधीन असा नवस केला होता. मुंबईत मांडवी भागात १७९६ साली उभं राहिलेलं शहरातलं पहिलं सिनेगॉग त्यांचंच. मशीद बंदर या नावातली ‘मशीद’ म्हणजे हेच प्रार्थनास्थळ, असंही मानलं जातं.

यरुशलेमात मात्र नवस फेडायची जागाच गेली. इ.स.पू. ५८६च्या सुमारास बाबेलचा (बॅबिलोनचा) राजा नबुखद्नेस्सर याच्या सैन्याने तिथलं मंदिर जाळलं आणि लोकांना बंदिवान करून नेलं. चौऱ्याहत्तरावं स्तोत्र त्या विध्वंसाचं वर्णन करतं: मंदिराच्या कोरीव कामावर कुऱ्हाडी आणि हातोडे चालत आहेत. एकोणनव्वदाव्यात तक्रार याहून थेट आहे. दावीद राजाचं सिंहासन कायम राहील असं वचन तू दिलं होतंस, ते मोडलंस, असं तिथं देवाला तोंडावर म्हटलं आहे.

संग्रह पाच भागांत लावणाऱ्यांनी ही तक्रार तिसऱ्या भागाच्या शेवटी ठेवली, तिच्या अगदी आधी अठ्ठ्याऐंशीवं. चौथा भाग उघडतो तो इस्राएल लोकांना मिसरातून बाहेर काढणाऱ्या मोशेच्या नावावरच्या नव्वदाव्या स्तोत्राने, म्हणजे राजा आणि मंदिर दोन्ही नव्हते त्या काळाची आठवण काढत; आणि पुढे ‘परमेश्वर राज्य करतो’ ही घोषणा वारंवार येते. अमेरिकन अभ्यासक जेराल्ड विल्सन यांनी १९८५ मध्ये या क्रमात हेतू आहे असं मांडलं. मला ते पटतं.

घरी, एकट्याने वाचायला मदत झाली ती शीर्षकांची. तेरा स्तोत्रांवर दावीदाच्या आयुष्यातला प्रसंग दिला आहे: तिसऱ्यावर मुलगा अबशालोम उलटल्यावरचं पलायन, सत्तावन्नाव्यावर शौल राजाच्या भीतीने गाठलेली गुहा. ही शीर्षकं मागाहून जोडलेली असावीत असं बहुतेक अभ्यासक मानतात. पण त्यामुळे मंदिरातलं गाणं एका घाबरलेल्या माणसाचं झालं आणि वाचणाऱ्याला स्वतःची भीती त्यात घालता आली.

आणि इथूनच एक घोटाळाही झाला. ओळी सुट्या वापरता येऊ लागल्या. एक्क्याण्णवावं स्तोत्र संरक्षणाचं; मृत समुद्राजवळच्या कुमरानच्या गुहांत ते भुतं पळवण्याच्या मंत्रांसोबत एकाच गुंडाळीत लिहिलेलं मिळालं. मत्तयाच्या शुभवर्तमानात सैतानच येशूला त्यातलं वचन ऐकवतो: उडी टाक, देवदूत तुला झेलतील. येशू ते धुडकावतो.

सुटी ओळ काढताच येणार नाही असं एक स्तोत्र मात्र संग्रहात आहे, ते म्हणजे अठ्ठ्याऐंशीवं. त्यात पालट नाही, नवस नाही, गाणं नाही. शेवटचा शब्दही अंधाराचाच. तरी ते कुणी गाळलं नाही. कॅथलिक पंथाच्या नित्य प्रार्थनाविधीत दर शुक्रवारी रात्रीच्या प्रार्थनेला तेच नेमलेलं आहे.