तैलरंगात पहिली नक्कल करताय? कॅनव्हास घरी नेण्याआधी वाचा

दुकानात येणारे बरेच जण मोबाइलवर एखादं जुनं अकॅडमिक (म्हणजे युरोपातल्या कला-अकादम्यांच्या हुबेहूब शैलीतलं) चित्र दाखवतात, निसर्गात उभी असलेली आकृती, आणि विचारतात, "हे जमेल का?" जमेल. नक्कल करून शिकण्यात कमीपणा नाही. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात चित्रकार भिंतीसमोर घोडा (कॅनव्हास ठेवायची तिकाटी, ईझल) लावून नकला करत आलेत. तिथली एक अट अशी की नक्कल मूळ मापाची नको.

पहिल्यांदाच करत असाल तर आम्ही फ्रेंच चित्रकार विल्यम बुगरो (1825–1905) यांचं 1889 चं मेंढपाळ मुलीचं चित्र सुचवतो. मानेमागून आडवी काठी, तिच्यावर टाकलेले हात, पाय अनवाणी, मागं कुरणात गुरं. असा काठी टाकून चाललेला पोरगा खानापूर रस्त्यालाही दिसतो, त्यामुळे अंगाचा तोल कुठं आहे ते लवकर कळतं. मोबाइलवर बघून मात्र काढू नका, स्क्रीन मागून उजळलेली असते. मॅट कागदावर 8×12 इंची प्रिंट घ्या. कॅनव्हास 16×24. प्रिंटवर इंचाचे चौकोन आखा, कॅनव्हासवर दोन इंचांचे, आणि एकेक चौकोन बघून रेखाटन उतरवा.

आता मुख्य गोष्ट. आमच्याकडे फ्रेमला येणाऱ्या नकलांत एकच चूक पुन्हा पुन्हा दिसते: आधी चेहरा पूर्ण, मग भोवती हिरवं भरलेलं. मुलगी कात्रीनं कापून चिकटवल्यासारखी दिसते. होतं असं की पांढऱ्या कॅनव्हासवर कातडीचा रंग काळपट वाटतो, म्हणून आपण त्यात पांढरा घालत जातो. नंतर मागं गडद हिरवं आलं की तोच चेहरा पीठ फासल्यासारखा पडतो.

म्हणून आधी बर्न्ट अंबर (गडद तपकिरी) टर्पेंटाइनमध्ये पातळ करून अख्खा कॅनव्हास भुरका करा आणि उजेडाच्या जागा चिंधीनं पुसून काढा. हे वाळलं की डोक्याजवळचं आकाश आणि हाताजवळचं गवत पातळ लावा, कातडी त्यानंतर. त्यासाठी यलो ऑकर (मातकट पिवळा), व्हर्मिलियन (शेंदरी लाल), पांढरा पुरे. सावलीत काळा नको, गवताच्याच हिरव्यातला चिमूटभर मिसळा. सॅप ग्रीन ट्यूबमधून थेट लावलं तर कच्चं दिसतं, त्यात थोडा अंबर हवाच. डोळे अर्धे मिटून प्रिंट बघा: सावलीकडची कड कुठं तरी मागच्या रंगात विरते. तिथं दोन्ही रंग ओले असताना कोरडा ब्रश एकदाच, हलक्या हातानं ओढा. दोनदा ओढलात तर चिखल. अंगावर भर दुपारचं ऊनही शोधू नका. असे चित्रकार मॉडेल स्टुडिओतल्या मऊ उजेडात उभं करत.

खालचे थर टर्पेंटाइनचे, तेल वरच्या थरांत. उलट केलंत तर खालचा थर हळू वाळतो आणि वरचा तडकतो. आणि तेल म्हणजे चित्रकारांचं रिफाइंड लिनसीड, म्हणजे जवसाचंच. एका गिऱ्हाइकानं घरातलं शेंगतेल वापरलं होतं. तीन आठवड्यांनीही रंग बोटाला लागत होता! रंगातलं तेल उडून जात नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं. शेंगतेल तसं होत नाही, ते फोडणीलाच बरं.

बेळगावचा पावसाळा तुम्हाला सांगायला नको. जून ते सप्टेंबर दोन थरांत जास्त दिवस ठेवा, आणि ओलसर भिंतीला कॅनव्हास टेकवू नका, मागून बुरशी धरते. कपाटातही कोंडू नका. अंधारात लिनसीड पिवळं पडतं.

एक इशारा, हा मात्र मनावर घ्या. तेलाच्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. त्या आपोआप तापतात, पेटूही शकतात. मोकळ्यावर पसरून वाळवा किंवा पाण्याच्या डब्यात बुडवा. टर्पेंटाइन वापरताना खिडकी उघडी हवी.

चित्र हाताला कोरडं लागलं की बिनकाचेची फ्रेम आम्ही करून देतो. शेवटचं व्हार्निश मात्र सहा महिन्यांनी; त्याआधी मागितलंत तरी लावत नाही. सही स्वतःची करा, आणि कॅनव्हासच्या मागं "बुगरो यांच्या चित्रावरून" असं लिहा.