फ्रान्सचा राजा आणि सशाचं शिंग

लग्नाच्या हॉलवरून फोन येतो, ‘सगळे आले नाहीत.’ आता पंगत मांडायची की थांबायचं? या तीन शब्दांतून दोन वेगळ्या बातम्या निघतात. काही पाहुणे पोचलेत आणि काही वाटेत आहेत, ही एक. अजून कोणीच फिरकलेलं नाही, ही दुसरी. फोनवर सुरावरून अर्थ कळतो. तेच मेसेजमध्ये आलं तर उलटा फोन लावावा लागतो.

गंमत अशी की यातला एकही शब्द अवघड नाही. घोळ आहे तो ‘नाही’ नेमका कशाला चिकटतो याचा. ‘सगळे आले’ हे अख्खं वाक्य घेऊन त्याला नकार दिला तर पहिला अर्थ. आधी एकेक पाहुणा धरला आणि प्रत्येकाच्या येण्याला नकार दिला तर दुसरा. वाक्य वरून एक दिसतं, आत त्याचे सांधे दोन तऱ्हांनी जुळलेले असतात. हे सांधे उकलून दाखवणं म्हणजेच तत्त्वज्ञान, किंवा निदान त्याचा मोठा भाग, असं मानणारी एक परंपरा विसाव्या शतकात उभी राहिली. तिला विश्लेषक तत्त्वज्ञान म्हणतात.

तिची सुरुवात एका गणितज्ञापासून होते. जर्मनीतल्या येना इथे शिकवणाऱ्या गॉटलोब फ्रेगेला अंकगणिताच्या सिद्धतांमध्ये कुठेही फट राहू द्यायची नव्हती. रोजची भाषा त्या कामाला पुरेना, म्हणून त्याने १८७९मध्ये स्वतःची एक चिन्हलिपी छापली. अ‍ॅरिस्टॉटलपासून चालत आलेलं तर्कशास्त्र वाक्याचे उद्देश्य आणि विधेय असे दोन तुकडे करायचं. त्या हिशेबात ‘सॉक्रेटिस आला’ आणि ‘कोणीतरी आलं’ ही एकाच साच्यातली वाक्यं ठरतात. फ्रेगेने दाखवलं की ‘सॉक्रेटिस’ हे नाव आहे, पण ‘कोणीतरी’, ‘सगळे’, ‘कोणीच नाही’ ही कोणाचीही नावं नव्हेत. त्यांचं काम वेगळं, म्हणून त्यांना चिन्हही वेगळं हवं. त्याची लिपी पानावर आडवी-उभी पसरायची. छापायला कटकट, वाचायला त्याहून जास्त, त्यामुळे फारसं कोणी वाचलं नाही.

ज्यांनी वाचलं त्यांत ब्रिटिश तत्त्वज्ञ बर्ट्रंड रसेल होता, आणि त्याने १९०२च्या जूनमध्ये फ्रेगेला पत्र लिहून त्याच्या रचनेतली विसंगती दाखवली. ती कथा अनेकदा सांगून झाली आहे. मला जास्त रस आहे तो रसेलने तीन वर्षांनी लिहिलेल्या निबंधात. तो १९०५मध्ये ‘माइंड’ या नियतकालिकात आला. संपादकांना त्यातलं म्हणणं इतकं विचित्र वाटलं की त्यांनी ‘पुन्हा एकदा विचार करा’ अशी गळ घातली होती, असं रसेलनेच पुढे नोंदवलंय. निबंधातलं गाजलेलं वाक्य असं: ‘फ्रान्सचा सध्याचा राजा टकला आहे.’

फ्रान्समध्ये १८७०पासून प्रजासत्ताक. राजाच नाही. मग हे वाक्य खरं की खोटं? जगातल्या सगळ्या टकल्यांची यादी केली तर त्यात हा राजा सापडणार नाही. केस असलेल्यांच्या यादीतही नाही. दोन टोकांच्या समन्वयाची हौस असलेले, हेगेल या जर्मन तत्त्वज्ञाचे अनुयायी म्हणतील, त्याने केसांचा टोप घातला असावा, असा चिमटा रसेलने तिथेच काढला आहे. पण प्रश्न खरा आहे. ज्याचं अस्तित्वच नाही त्याच्याबद्दल बोलतो तेव्हा आपण कशाबद्दल बोलत असतो? ऑस्ट्रियातल्या ग्राझचा तत्त्वज्ञ माइनाँग म्हणे, सोन्याचा डोंगर अस्तित्वात नसला तरी ती एक ‘वस्तू’ आहेच, म्हणून तर तिच्याबद्दल बोलता येतं. फ्रेगेचं उत्तर निराळं होतं. अशा शब्दाला अर्थ असतो, पण तो कोणाकडेही बोट दाखवत नाही, म्हणून वाक्य खरंही नाही आणि खोटंही नाही.

रसेलने तिसरी वाट काढली. ‘फ्रान्सचा राजा’ हे नाव नव्हेच, ते वर्णन आहे, आणि वाक्य उकललं की ते विरघळून जातं. उकल अशी: फ्रान्सचा राजा असलेली किमान एक व्यक्ती आहे. अशी व्यक्ती एकाहून जास्त नाही. आणि जी आहे ती टकली आहे. पहिलाच तुकडा खोटा, म्हणून सगळं वाक्य खोटं. माइनाँगच्या भुतावळीची गरज उरत नाही. आता ‘फ्रान्सचा राजा टकला नाही’ हे वाक्य घ्या आणि लग्नाचा हॉल आठवा. ‘असा कोणी टकला राजा नाहीच’ असा अर्थ घेतला तर वाक्य खरं. ‘राजा आहे, पण त्याला केस आहेत’ असा घेतला तर खोटं.

रसेलचं सगळं विवेचन इंग्रजीतल्या ‘द’ या इवल्याशा शब्दाभोवती फिरतं. युद्धविरोधी लेखनापायी १९१८मध्ये तुरुंगात असतानाही त्याने याच शब्दावर प्रकरणं लिहिली. मराठीत तो शब्दच नाही. ‘राजा आला’मधला राजा एखादा की तोच, हे आपण संदर्भावरून ठरवतो. कोडं मात्र मराठीतही जसंच्या तसं राहतं.

१९५०मध्ये ब्रिटिश तत्त्वज्ञ पीटर स्ट्रॉसनने त्याच ‘माइंड’मध्ये रसेलला घेरलं. कोणी तुम्हाला राजाच्या टकलाबद्दल विचारलं तर तुम्ही ‘खोटं’ म्हणाल का? तुम्ही म्हणाल, ‘अहो, तिथे राजाच नाही.’ खरं-खोटं ठरवायची वेळच येत नाही. मला हे पटतं, पण पूर्ण नाही. ‘काल फ्रान्सचा राजा दादरला वडापाव खात होता’ असं कोणी म्हणालं, तर मी सरळ ‘खोटं’ म्हणेन. पुढे स्ट्रॉसननेही कबूल केलं की काही वाक्यं अशी थेट खोटी वाटतात.

हा वाद फक्त पुस्तकी नाही. संगणकाच्या डेटाबेसमध्ये ‘ज्यांचं शहर पुणे नाही अशी माणसं दाखव’ असं विचारलं, तर शहराचा रकाना रिकामा असलेली माणसं यादीत येत नाहीत. यंत्राच्या लेखी तिथे उत्तर ‘हो’ही नसतं आणि ‘नाही’ही नसतं.

आपल्याकडे हाच पेच सशाच्या शिंगावरून पडला होता. सगळं क्षणिक आहे हे बौद्धांना सिद्ध करायचं होतं. त्यासाठी उलट बाजूचं, म्हणजे क्षणिक नसलेल्या गोष्टीचं उदाहरण हवं, आणि त्यांच्या मते तशी खरी गोष्ट जगात नाही. मग सशाचं शिंग उदाहरणाला घेतलं. न्याय या तर्कप्रधान दर्शनाचा पंडित उदयन याचा आक्षेप असा की जे नाहीच ते उदाहरण म्हणून चालणार नाही. पण मग ‘शशशृंगं नास्ति’, म्हणजे ‘सशाचं शिंग नाही’, या निरुपद्रवी वाक्याचं काय? न्यायदर्शनाचा नियम आहे की ज्याचा अभाव सांगायचा तो प्रतियोगी कुठेतरी खरा असला पाहिजे. म्हणून वाक्य फोडायचं: सशावर शिंगाचा अभाव आहे. ससा खरा, गाईच्या डोक्यावरचं शिंगही खरं, नाही तो फक्त दोघांचा संबंध.

‘रसेलच्या आधी आम्ही’ असा डंका पिटायची ही जागा नव्हे. रसेलला गणिताचा पाया घालायचा होता, उदयनाला बौद्धांशी वाद जिंकायचा होता. फरकही खोल आहे, आणि तो १९८३मध्ये पुण्यात समोरासमोर आला. ‘नवभारत’चे संपादक मे. पुं. रेगे आणि दया कृष्ण या तत्त्वज्ञांनी पुढाकार घेऊन संस्कृत परंपरेत शिकलेले पंडित आणि इंग्रजीतून शिकलेले तत्त्वज्ञ एकत्र बसवले. विषय होता रसेलची ‘प्रपोझिशन’ ही कल्पना: कोणी मानो न मानो, मनात आणो न आणो, स्वतःच खरं किंवा खोटं असणारं विधान. ते संस्कृतात पंडितांपुढे मांडायचं म्हणजे आधी त्याला शब्द हवा. आणि न्यायाच्या चौकटीत खरं किंवा खोटं असतं ते ज्ञान, कोणाला तरी, कधीतरी झालेलं. कोणालाच न झालेलं, पण तरीही खरं असलेलं असं काही ठेवायला त्या घरात कोनाडाच नव्हता.