अपोलो आणि डॅफ्नी

बरोक या सतराव्या शतकातील, गती आणि नाट्यावर भर देणाऱ्या शैलीचा श्रेष्ठ इटालियन शिल्पकार जान लोरेंझो बेर्निनी (१५९८–१६८०) याने १६२२ ते १६२५ या काळात घडवलेला संगमरवरी शिल्पसमूह. उंची २४३ सेंमी. कार्डिनल (कॅथलिक चर्चचा वरिष्ठ धर्माधिकारी) शिपिओने बोर्गेसे याने तो आपल्या रोममधील प्रासादासाठी करवून घेतला. हा प्रासाद आज बोर्गेसे कलादालन म्हणून ओळखला जातो आणि शिल्प अजूनही तिथेच आहे. काम हाती घेतले तेव्हा बेर्निनी जेमतेम तेवीस-चोवीस वर्षांचा होता. मध्येच ते बाजूला ठेवून त्याने याच कार्डिनलसाठी ‘डेव्हिड’ हा पुतळा पुरा केला.

कथा रोमन कवी ओव्हिडच्या ‘मेटामॉर्फसिस’ या काव्यातली. प्रेमदेव क्यूपिडने सूर्यदेव अपोलोला प्रेम जागवणारा सोन्याचा बाण मारला, तर नदीदेव पेनेउसची कन्या डॅफ्नी हिला प्रेम घालवणारा शिशाचा. त्यामुळे तो प्रेमाने वेडा झाला आणि तिला प्रेमाचा तिटकारा आला. तो पाठलाग करत अगदी जवळ येतो तेव्हा डॅफ्नी वडिलांचा धावा करते आणि तिचे लॉरेलचे झाड होते. ‘डॅफ्नी’ या ग्रीक शब्दाचा अर्थच लॉरेल. वनस्पतिशास्त्रानुसार हे झाड आपल्या तमालपत्राच्या कुळातले.

बेर्निनीने पाठलाग निवडला नाही, तयार झाडही नाही. दोन्हींच्या मधला, डोळ्याची पापणी लवेपर्यंत संपून जाणारा क्षण त्याने धरला. डॅफ्नीच्या पायाच्या बोटांतून मुळे फुटू लागली आहेत, वर उचललेल्या हातांच्या बोटांना पाने आली आहेत, वाऱ्यावर उडणारे केस पालवीत मिसळत आहेत. तोंड किंकाळीसाठी उघडले आहे. अपोलोच्या चेहऱ्यावर मात्र अजून भीती नाही. काय घडते आहे हे त्याला पुरते उमगलेलेच नाही. त्याचा डावा हात तिच्या कमरेशी पोहोचला आहे, पण बोटांखाली त्वचा लागत नाही, झाडाची साल लागते. सगळ्या शिल्पाचा जीव त्या एका स्पर्शात आहे.

अपोलोची ठेवण व्हॅटिकनमधील ‘बेल्वेडेअर अपोलो’ या प्राचीन पुतळ्यावरून घेतलेली आहे. तो पुतळा शांत उभा आहे. बेर्निनीने त्यालाच धावायला लावले. पाने इतकी पातळ कोरली आहेत की उजेड त्यांच्यातून झिरपतो. हे नाजूक काम मुख्यतः जुलिआनो फिनेल्ली या सहायकाचे. बेर्निनीच्या नावापुढे त्याचे नाव मागे पडले, पण या पानांशी थांबणाऱ्याने ते आठवायलाच हवे. पुढे फिनेल्ली बेर्निनीची कार्यशाळा सोडून स्वतंत्रपणे काम करू लागला.

कार्डिनलच्या घरात असे मूर्तिपूजकांच्या पुराणातले शिल्प शोभावे म्हणून चौथऱ्यावर बोधपर लॅटिन द्विपदी कोरली. निसटत्या सौंदर्याच्या सुखामागे धावणाऱ्या प्रियकराच्या हाती पाने किंवा कडू फळेच येतात, असा तिचा आशय. ती रचली माफेओ बार्बेरिनी याने, जो १६२३ मध्ये आठवा अर्बन या नावाने पोप झाला.

मूळ मांडणीत दालनात शिरणाऱ्याला आधी अपोलोची पाठ दिसे. तिथून चालत पुढे यावे तशी डॅफ्नी दिसू लागे, मग साल, मग पाने. रूपांतर जणू पाहणाऱ्याच्या पावलांनी घडत जाई. १७८५ मध्ये शिल्प दालनाच्या मध्यभागी हलवले गेले. आता त्याला चहूबाजूंनी फेरी मारता येते.