सोसायटीची कमिटी कोणाला उत्तर देते?

कमिटीविरुद्ध तक्रार घेऊन सहकार खात्याच्या उपनिबंधकाच्या कार्यालयात, म्हणजे मुंबईकरांच्या डीआर ऑफिसात गेलं की टेबलापलीकडून पहिला प्रश्न येतो: सोसायटी की अपार्टमेंट? पुढचा रस्ता त्या उत्तरावर ठरतो. एकाच गल्लीतल्या दोन इमारतींना दोन वेगळे कायदे लागू असू शकतात आणि फ्लॅट घेताना बहुतेकांनी हा प्रश्न कधी विचारलेलाच नसतो.

कमिट्यांचा कारभार उघड्यावर यावा, पदाधिकाऱ्यांना जाब विचारता यावा, ही मागणी आज जोरात आहे. इतकी वर्षं ती मागे का पडली, हे कळायला आपले गृहनिर्माणाचे कायदे कोणाच्या धास्तीने झाले ते पाहावं लागतं. धास्ती कमिटीची नव्हतीच. आधी ती घरमालकाची होती, नंतर बिल्डरची.

सुरुवात पतपेढ्यांपासून झाली. १९०४ चा सहकारी कायदा फक्त कर्ज देणाऱ्या संस्थांसाठी होता. १९१२ मध्ये त्याची कक्षा वाढली आणि घरांसाठीही संस्था काढता येऊ लागली. १९१५ मध्ये रावबहादूर श्रीपाद सुब्राव तालमकी यांच्या पुढाकाराने गावदेवीला सारस्वत को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी उभी राहिली. सभासद एकाच समाजाचे, बरेचसे एकमेकांच्या ओळखीचे. सेक्रेटरीने वही दाखवली नाही तर त्याला घरी जाऊन विचारता येत होतं. अशा ठिकाणी पारदर्शकतेसाठी कलमं लिहायची गरज कोणाला वाटणार?

मग १९४७ चा भाडेनियंत्रण कायदा आला. भाडी गोठली, भाड्यासाठी इमारत बांधणं परवडेनासं झालं आणि बांधणारे ‘ओनरशिप’कडे, म्हणजे फ्लॅट विकण्याकडे, वळले. पैसे आधी घ्यायचे, ताबा उशिरा द्यायचा, जमीन मात्र स्वतःच्याच नावावर ठेवायची. तक्रारी एवढ्या वाढल्या की सरकारने १९६० मध्ये चौकशी समिती नेमली. पुढच्या वर्षी तिचा अहवाल आला आणि त्यातून १९६३ चा महाराष्ट्र ओनरशिप फ्लॅट्स कायदा, म्हणजे मोफा, झाला. बिल्डरने खरेदीदारांची संस्था नोंदवायची आणि नियमांप्रमाणे चार महिन्यांत जमिनीचं कन्व्हेयन्स, म्हणजे मालकीचं हस्तांतरण, करून द्यायचं, असं ठरलं. किती बिल्डरांनी दिलं, हे जुन्या उपनगरांतल्या कोणत्याही कमिटीला विचारावं. शेवटी २००८ मध्ये मानीव अभिहस्तांतरणाची, म्हणजे बिल्डरने सही केली नाही तरी जमीन संस्थेच्या नावावर करणाऱ्या डीम्ड कन्व्हेयन्सची तरतूद आणावी लागली.

म्हणजे पंचेचाळीस वर्षं कमिटी फिर्यादी होती. कायद्याच्या नजरेत ती आपली माणसं होती, समोर लबाड बिल्डर. आपल्या माणसावर पहारा ठेवायचा असतो हे कोणाच्या मनात आलं नसावं. माझ्या मते आजचे बरेचसे घोळ इथून सुरू होतात.

कारभाराचे नियम मात्र दुसऱ्याच कायद्यात होते. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० चा, अंमल २६ जानेवारी १९६२ पासून. साखर कारखाने, पतसंस्था, सूतगिरण्या डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेला. गृहनिर्माण संस्था त्यात एका वर्गवारीपुरत्या. त्यातलं कलम ३२ नीट वाचण्यासारखं आहे. सभासदाला काय फुकट पाहता येईल? कायदा, नियम, उपविधी (सोसायटीची स्वतःची नियमावली), शेवटचा लेखापरीक्षित ताळेबंद, नफा-तोटा पत्रक, कमिटीची यादी, सभासद नोंदवही, सर्वसाधारण सभेचं आणि कमिटीच्या बैठकांचं इतिवृत्त, आणि हिशेबाच्या वह्यांतला स्वतःच्या व्यवहारांपुरता भाग. शेवटचे शब्द महत्त्वाचे. लिफ्टच्या देखभालीचा करार, वॉटरप्रूफिंगची कोटेशन्स, प्लंबरची बिलं, व्हाउचर्स या यादीत नाहीत. ताळेबंदात ‘दुरुस्ती खर्च’ अशी एक ओळ दिसते. त्या ओळीमागे काय आहे ते सेक्रेटरीच्या कपाटात. दुरुस्ती निधीसाठी बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान पाऊण टक्का, सिंकिंग फंडासाठी, म्हणजे मोठ्या कामांच्या राखीव निधीसाठी, पाव टक्का, एवढं सरकारच्या नमुना, म्हणजे आदर्श, उपविधींनी ठरवून दिलं. तो पैसा कोणत्या ठेकेदाराकडे का गेला, हे विचारणाऱ्याला सप्टेंबरअखेरच्या रविवारी एजीएममध्ये, म्हणजे वार्षिक सर्वसाधारण सभेत, उभं राहावं लागतं, आणि तोवर वेफर्सच्या प्लेटा फिरू लागलेल्या असतात.

१९७० चा अपार्टमेंट ओनरशिप कायदा हा वेगळाच पाहुणा. इथे संस्था इमारतीची मालक नसते. प्रत्येकजण आपल्या अपार्टमेंटचा मालक आणि जमिनीसह सामाईक जागेतला अविभक्त हिस्सेदार. खर्चही हिश्श्याप्रमाणे वाटला जातो. सोसायटीत एक सभासद, एक मत. इथे मोठ्या फ्लॅटवाल्याचं वजन जास्त. त्या बदल्यात सरकारी हस्तक्षेप कमी, म्हणून बिल्डरांना आणि काही मालकांनाही हा प्रकार आवडला. पुण्यात तो चांगला रुजला, मुंबईत सोसायटीचंच राज्य राहिलं. पण अडचण उघड होती. कमिटी बरखास्त करणं, चौकशी लावणं, प्रशासक नेमणं हे सहकार कायद्यातले निबंधकाचे अधिकार मूळ अपार्टमेंट कायद्यात आलेच नाहीत. व्यवस्थापक मंडळाने हिशेब दिला नाही तर दिवाणी न्यायालय, म्हणजे वकील, तारखा आणि त्याच लिफ्टमधून रोज त्याच लोकांबरोबर खाली उतरणं.

कमिटीकडे संशयाने पाहायला सरकारने सुरुवात केली ती पैशाच्या प्रश्नातून. फ्लॅट भाड्याने दिला की काही सोसायट्या मनमानी बिनभोगवटा शुल्क लावत. १ ऑगस्ट २००१ च्या आदेशाने त्याला सेवा शुल्काच्या दहा टक्क्यांची मर्यादा घातली. फ्लॅट विकताना सोसायटी घेत असलेल्या हस्तांतरण प्रीमियमवरही त्याच महिन्यात २५,००० रुपयांची कमाल मर्यादा आली. माँ ब्लाँ सोसायटीच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने २००७ मध्ये दहा टक्क्यांची मर्यादा कायम ठेवली. ‘सर्वसाधारण सभा सर्वोच्च’ हे पालुपद तिथे पहिल्यांदा ठळकपणे अडलं.

रिडेव्हलपमेंटने तर गणितच बदललं. कालपर्यंत टाकी धुण्याचं बिल मंजूर करणारे पाच-सात जण एकदम कोट्यवधींच्या सौद्यात बिल्डरसमोर बसले. ३ जानेवारी २००९ ला सहकार कायद्याच्या कलम ७९अ खाली निघालेल्या निर्देशांच्या प्रस्तावनेतच तक्रारी मांडल्या आहेत: सभासदांना विश्वासात न घेणं, निविदांमध्ये पारदर्शकता नसणं, ठेकेदार मनमानीने नेमणं. म्हणून विकासक निवडण्याच्या सभेचं व्हिडिओ चित्रीकरण, निबंधकाच्या प्रतिनिधीची हजेरी, कमिटी सदस्य किंवा त्यांचे नातेवाईक विकासक नसण्याची अट. ४ जुलै २०१९ ला सुधारित निर्देश आले आणि संमतीचं प्रमाण एकूण सभासदांच्या ५१ टक्क्यांवर आलं. यातली मेख अशी की न्यायालयाने काही निकालांत हे निर्देश मार्गदर्शक मानले, बंधनकारक नव्हेत. कॅमेरा लावला नाही म्हणून ठराव आपोआप पडत नाही.

दिल्लीतून आलेला बदल सहकारी संस्थांविषयीच्या ९७ व्या घटनादुरुस्तीचा. संसदेने ती २०११ मध्ये संमत केली, अंमल २०१२ पासून. त्यापाठोपाठ राज्याने २०१३ मध्ये कायदा बदलला: कमिटीची मुदत पाच वर्षं, निवडणुका राज्य सहकारी निवडणूक प्राधिकरणाकडे, लेखापरीक्षक सरकारी नामिकेतून (पॅनेलमधून) आणि नेमणूक सर्वसाधारण सभेकडून. सर्वोच्च न्यायालयाने २० जुलै २०२१ ला त्या घटनादुरुस्तीतला राज्यांच्या सहकारी संस्थांना लागू होणारा भाग रद्द केला, तरी राज्याने स्वतः केलेले बदल टिकले. पण वीस फ्लॅटच्या इमारतीने निवडणुकीसाठी सरकारी अधिकाऱ्याची वाट पाहायची, हे हास्यास्पदच होतं. मुदत संपलेल्या कमिट्या त्या वाट पाहण्याच्या नावाखाली खुर्चीत राहिल्या.

२०१९ मध्ये गृहनिर्माण संस्थांसाठी कायद्यात स्वतंत्र प्रकरण आलं, १३-ब. राज्यात अशा संस्थांची संख्या लाखाच्या वर गेल्यावर. २५० पर्यंत सभासद असलेल्या सोसायट्यांना आपली निवडणूक आपण घ्यायची मुभा मिळाली. म्हणजे मुंबईतल्या बहुतेक इमारतींत निवडणूक पुन्हा कमिटीच्याच देखरेखीखाली. सोय झाली हे खरं. जाब विचारण्याच्या दृष्टीने हे एक पाऊल मागे होतं, असं मला वाटतं.

मधल्या काळात सभासदांनी माहिती अधिकाराचा दरवाजा ठोठावून पाहिला. ७ ऑक्टोबर २०१३ ला केरळच्या थलप्पलम सहकारी बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सरकारचा भरीव निधी नसलेली सहकारी संस्था सार्वजनिक प्राधिकरण, म्हणजे माहिती अधिकाराखाली माहिती देणं बंधनकारक असलेली संस्था, ठरत नाही. मात्र निबंधक ते आहे, आणि कायद्याने त्याला संस्थेकडून जी माहिती मागवता येते ती अर्जदारालाही त्याच्यामार्फत मिळू शकते. म्हणून आज कसलेले तक्रारदार सेक्रेटरीकडे जातच नाहीत. अर्ज सरळ डीआर ऑफिसात टाकतात. तिथे लेखापरीक्षण अहवाल असतो, कमिटीने भरलेली विवरणपत्रं असतात, आणि लेखापरीक्षकाच्या शेऱ्यांवर सादर करायचा दोषदुरुस्ती अहवाल सादर झाला की नाही, तेही कळतं. तो न भरणाऱ्या सोसायट्या कमी नसाव्यात.

१३-ब प्रकरणासाठीच्या नियमांचा मसुदा हरकती-सूचनांसाठी आला तो २०२५ मध्ये. थकबाकीवरचं व्याज उपविधींतल्या २१ टक्क्यांवरून १२ वर आणणं, सभेला ऑनलाइन हजेरी, पुनर्विकासासाठी कर्ज उभारणं, असे विषय त्यात होते. व्याजाची चर्चा व्हॉट्सॲप ग्रुपांवर भरपूर झाली, कारण व्याज प्रत्येकाच्या मेंटेनन्सच्या बिलावर दिसतं. कोटेशन्स आणि व्हाउचर्स सभासदाला कधी, किती दिवसांत दाखवायची, यावर त्या मानाने फार थोडे बोलले.