बॉल फिरतोय म्हणजे हवा खेळतेय असं नाही

ठाण्याहून वाशीची लोकल पकडली की ऐरोली सोडल्यावर रबाळे एमआयडीसीच्या शेड दिसायला लागतात आणि त्यांच्या पत्र्यावर ते चकाकणारे, कांद्याच्या आकाराचे फिरणारे बॉल. टर्बो व्हेंटिलेटर म्हणतात त्याला. यंदा तो आमच्या सोसायटीच्या गच्चीवर आला. झालं असं की गळती थांबावी म्हणून गच्चीवर पत्र्याची शेड टाकलेली, पाऊस आत मारतो म्हणून मागच्या वर्षी तिच्या बाजूही पत्र्याने बंद केल्या, म्हणजे डोक्यावर एक भलामोठा बंद माळाच तयार झाला, आणि एप्रिल लागल्यापासून वरच्या मजल्यावरच्यांना रात्री झोप नाही. स्लॅब दिवसभर तापतो आणि ती उष्णता खाली उतरायला काही तास घेतो, त्यामुळे छत सगळ्यात गरम लागतं ते संध्याकाळनंतर. मीटिंगमध्ये ठरलं, चार बॉल बसवायचे, आधी एक ट्रायलला.

बॉल बसला, मस्त फिरायला लागला, सगळे खूश. मी मात्र दुपारी तीनला उदबत्ती आणि थर्मामीटर घेऊन वर गेलो. बाहेर सावलीत 35, शेडमध्ये 43. स्टुलावर चढून उदबत्ती बॉलच्या तोंडाखाली वीतभर अंतरावर धरली तर धूर वर जायचा, तिथेच घुटमळायचा आणि परत माझ्या तोंडावर यायचा. वर बॉल गरागरा फिरतोय! मग जिन्याचं दार सताड उघडायला सांगितलं. अर्ध्या मिनिटात धुराची रेघ ताणल्यासारखी सरळ झाली आणि बॉलमध्ये शिरली.

बऱ्याच जणांना वाटतं बॉलमध्ये मोटर असते आणि तो एक्झॉस्ट फॅनसारखा हवा खेचतो. मोटर नसते. तो फिरतो तो मुख्यतः बाहेरच्या वाऱ्याने, थोडा आतून वर येणाऱ्या हवेने. वारा असेल तर तो थोडं ओढतोही, पण खरं काम करते गरम हवा स्वतः, आणि मला हेच सांगायचंय कारण हा हिशोब फार सुंदर आहे.

35 डिग्रीची एक घनमीटर हवा साधारण 1146 ग्रॅम भरते, 43 डिग्रीची 1117 ग्रॅम. फरक 29 ग्रॅम. आमची शेड मधोमध 3 मीटर उंच, म्हणजे जमिनीच्या दर चौरस मीटरवर बाहेरच्या हवेचा खांब आतल्यापेक्षा 87 ग्रॅमने जड. झेरॉक्सचा ए-फोर कागद दर चौरस मीटरला 80 ग्रॅमचा असतो. म्हणजे टेबलावर पडलेला एक कागद टेबलाला जेवढं दाबतो, जवळपास तेवढ्याच दाबावर ही सगळी यंत्रणा चालते. एवढ्याशा दाबाने काय होणार असं वाटेल, पण हवाही हलकीच असते, त्यामुळे खाली-वर सारखी भोकं असतील तर सेकंदाला अर्धा मीटरच्या आसपास प्रवाह मिळतो. दोन फुटी बॉलमधून तासाला अंदाजे 500 घनमीटर, फुकट.

आता मेख. हा एक कागदाएवढा दाब दोन भोकांना वाटून घ्यावा लागतो, थोडा खालून हवा आत ढकलायला, थोडा वरून बाहेर काढायला. मध्ये कुठेतरी एक पातळी असते जिथे आतला आणि बाहेरचा दाब सारखा, तिच्या खाली हवा आत येते, वर बाहेर जाते. ही पातळी मोठ्या भोकाकडे सरकते. खाली भोकच नसेल तर ती थेट बॉलच्या तोंडाशी जाऊन बसते, मग त्याच एका तोंडातून गरम हवा बाहेर आणि गार हवा आत अशी ढकलाढकली चालते. माझा धूर घुटमळत होता तो त्यामुळे. आणि समजा खाली एका बॉलएवढंच भोक आहे आणि वर एकाचे चार बॉल केले, तर (वारा सोडून द्या) हवा चौपट होत नाही, जेमतेम 37 टक्क्यांनी वाढते. चारचे चाळीस करा, तरी 41 टक्क्यांच्या वर जाणार नाही, कारण प्रवाह दाबाच्या वर्गमुळाने वाढतो आणि दाब सगळा खालच्या भोकातच खर्ची पडतो. पैसे चार बॉलचे, काम दीड बॉलचंही नाही.

अमेरिकेत उतरत्या छपराखालच्या माळ्यासाठी नियमच आहे, 150 चौरस फूट माळ्याला 1 चौरस फूट मोकळं भोक, आणि ते वर-खाली नीट विभागलेलं असेल (शिवाय थोड्या इतर अटी) तर 300 ला 1 चालतं. त्यांची चिंता बरीचशी थंडीत माळ्यावर साचणाऱ्या ओलाव्याची आहे, आपली उन्हाची, पण विभागणीचं गणित तेच. आपल्या जुन्या कौलारू घरांत तर हे न सांगताच व्हायचं, कौलांच्या फटीतून चुलीचा धूर निघून जायचा.

या बॉलवर वीज तयार होते असे व्हिडिओ सध्या फिरतायत. दोन फुटी बॉलवर सेकंदाला 3 मीटरचा वारा आला तर त्या वाऱ्यातच सगळी मिळून 4 वॉट ताकद असते, हाताला लागेल ती अर्धा वॉट. मोबाइलही धड चार्ज व्हायचा नाही. आणि सोसायटीतल्या एका काकांनी मुद्दा काढला की वास्तूप्रमाणे नैर्ऋत्येला भोक नको. इथे नैर्ऋत्येचा विचार करायलाच हवा, पण कारण वेगळं आहे, आपला पावसाळी वारा तिकडून येतो, म्हणून त्या बाजूला खाली वळवलेल्या पट्ट्यांचे लूव्हर लागतात, नुसती जाळी नाही चालत.

अजून एक, हवा कितीही खेळली तरी 60 डिग्रीला तापलेला पत्रा खालच्या स्लॅबवर उष्णतेचे किरण टाकतच राहतो, दर चौरस मीटरला 150 ते 200 वॉटपर्यंत. त्याला बॉलचा उपाय नाही, वरून पांढरा परावर्तक रंगच हवा.

आता दोन बॉल रद्द केलेत. त्या पैशात बाजूच्या पत्र्याचा खालचा फूटभर भाग कापून जाळी आणि लूव्हर बसतायत, फॅब्रिकेटर रविवारी येतोय. जाळी बारीक डोळ्यांची सांगितलीय, कबुतरं एकदा आत शिरली की घरटी करून तीच भोकं बुजवतात.