हायड्रोजन-विदारण, विरल मृत्तिका चुंबकांतील

विरल मृत्तिका मूलद्रव्ये (निओडिमियम, समेरियम, लँथॅनम यांसारखे धातू) असलेल्या चुंबकी मिश्रधातूंनी हायड्रोजन वायू शोषल्यावर त्यांना आतून तडे जाऊन त्यांची भुकटी होण्याची क्रिया. निओडिमियम-लोह-बोरॉन चुंबक तयार करताना ती मुद्दाम घडवून आणतात. तयार चुंबकात ती नकळत घडली तर चुंबक निकामी होतो. उद्योगात ती ‘एचडी’ (हायड्रोजन डिक्रेपिटेशन) या आद्याक्षरांनी ओळखली जाते. पोलादाला हायड्रोजनमुळे येणाऱ्या ठिसूळपणाशी तिची गल्लत करू नये. पोलादात अत्यल्प हायड्रोजन पुरतो व नवे संयुग बनतेच असे नाही. येथे मात्र धातूचे रीतसर हायड्राइड (हायड्रोजनबरोबरचे संयुग) बनते आणि त्याचे वाढलेले आकारमानच तडे पाडते.

पूर्वपीठिका : विरल मृत्तिका धातू हायड्रोजन शोषतात हे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून माहीत होते. चुंबकांच्या संदर्भात मात्र हा विषय पुढे आला तो आइंटहोव्हन (नेदरलँड्स) येथील फिलिप्स प्रयोगशाळेत. १९६९ मध्ये झाइल्स्ट्रा व वेस्टेनडॉर्प यांनी समेरियम-कोबाल्ट (१:५) मिश्रधातू भरपूर हायड्रोजन शोषतो आणि त्यामुळे त्याची निग्राहिता (उलट्या चुंबकी क्षेत्रापुढे टिकून राहण्याची क्षमता) घटते, असे दाखविले. चुंबकाच्या दृष्टीने हा दोषच. पण याच प्रयोगशाळेत कोबाल्टाच्या जागी निकेल व समेरियमाच्या जागी लँथॅनम घालून पाहिल्यावर १९७० मध्ये लँथॅनम-निकेल (१:५) हे संयुग नेहमीच्या तापमानाला, माफक दाबाखाली, एका रेणुसूत्रामागे हायड्रोजनचे सुमारे सहा अणू घेते व परत देते असे आढळले. निकेल-धातुहायड्राइड विद्युत्‌ घटांची ही सुरुवात. चुंबकाचा दोष शोधता शोधता बॅटरी हाती लागली, असे म्हणायला हरकत नाही.

विदारण ही चुंबकनिर्मितीची पद्धत म्हणून कोणाची, याचे उत्तर व्याख्येवर अवलंबून आहे. केवळ शोषण व भुगा होणे एवढेच धरले तर श्रेय फिलिप्सकडे जाते. भुकटी करण्याचे साधन म्हणून हायड्रोजन वापरणे हा निकष लावला, आणि तोच अधिक सयुक्तिक दिसतो, तर बर्मिंगहॅम विद्यापीठातील रेक्स हॅरिस व त्यांचे सहकारी यांचे नाव घ्यावे लागते. त्यांनी १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात समेरियम-कोबाल्टाच्या २:१७ वर्गातील मिश्रधातूंवर ही पद्धत आजमावली आणि १९८५ मध्ये निओडिमियम-लोह-बोरॉन मिश्रधातूवरील पहिले निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यापूर्वी दोनच वर्षे जपानमध्ये सागावा यांनी व अमेरिकेत क्रोट यांनी वेगवेगळ्या मार्गांनी या नव्या चुंबकाची घोषणा केली होती.

यंत्रणा : निओडिमियम चुंबकाच्या मिश्रधातूत मुख्यतः दोन प्रावस्था (वेगवेगळ्या संघटनाचे भाग) असतात. चुंबकत्व असते ते निओडिमियम, लोह व बोरॉन यांच्या २:१४:१ संयुगाच्या स्फटिककणांत. या कणांभोवती निओडिमियमसमृद्ध पातळ थर असतो. हायड्रोजन प्रथम हा थर खातो. निओडिमियमाचे डायहायड्राइड बनताना आकारमान सुमारे पाचव्या हिश्श्याने वाढते, त्यामुळे तडे कणसीमांवरून धावतात. क्रियेत उष्णता बाहेर पडते, आणि मग मुख्य कणही हायड्रोजन घेऊ लागतात. तेथे अणू निओडिमियमाच्या शेजारच्या चतुष्फलकीय पोकळ्यांत बसतात. या कणांचे आकारमान तुलनेने थोडे, सुमारे ४ ते ५ टक्के, वाढते. पण ठिसूळ स्फटिकाला तेवढेही पुष्कळ होते आणि कणांच्या पोटातूनही भेगा जातात. २:१४:१ संयुगाचे क्यूरी तापमान (ज्याच्यावर चुंबकत्व नाहीसे होते ते तापमान; मुळात सुमारे ३१२° से.) हायड्रोजनमुळे पन्नासहून अधिक अंशांनी वाढते, मात्र त्याची चुंबकी विषमदिशता (चुंबकत्वाची स्फटिकाच्या एका ठरावीक दिशेकडे असलेली ओढ) घटते. हा दुसरा परिणाम व्यवहारात अधिक महत्त्वाचा.

प्रत्यक्षात ओतीव मिश्रधातूच्या पापुद्र्यांसारख्या, मिलिमीटरच्या काही दशांश जाडीच्या चकत्या पोलादी भांड्यात भरून भांडे निर्वात करतात व हायड्रोजन सोडतात. काही वेळ काहीच होत नाही. मग दाबमापकाचा काटा उतरू लागतो, भांडे तापते आणि आतून फोडणीतल्या मोहरीसारखा तडतडाट ऐकू येतो. चंदेरी चकत्यांच्या जागी काळपट करडा भुगा उरतो. तो हवेत उघडा पडला तर पेट घेऊ शकतो, म्हणून पुढचे दळण नायट्रोजनच्या झोतात, ३ ते ५ मायक्रोमीटरपर्यंत, करतात. ओतीव गोळ्यात मऊ, चिवट लोहाचे कण राहिले की निव्वळ यंत्राने फोडणे अवघड जाते. हायड्रोजन ते काम सोपे करतो.

भुकटीतील हायड्रोजन केव्हा काढायचा हा कारागिरीचा प्रश्न आहे. सगळा ठेवला तर विषमदिशता घटलेली असल्याने चुंबकी क्षेत्रात कण नीट रांगेत लागत नाहीत. सगळा काढला तर उघडे पडलेले निओडिमियम प्राणवायूला हपापलेले असते. म्हणून मुख्य कणांतील हायड्रोजन काढून निओडिमियमाचे डायहायड्राइड तसेच ठेवण्याची मधली वाट बहुधा घेतात. उरलेला हायड्रोजन सुमारे १,०५० ते १,१००° से. तापमानाकडे नेणाऱ्या निर्वात तापपिंडनात (सिंटरिंगमध्ये) निघून जातो.

विघटन व पुनःसंयोग : तापमान ७५० ते ९००° से. ठेवले तर गोष्ट निराळीच होते. २:१४:१ संयुग हायड्रोजनमध्ये टिकत नाही. त्याचे निओडिमियम डायहायड्राइड, लोह व लोह बोराइड असे तुकडे पडतात. मग हायड्रोजन उपसला की तेच संयुग पुन्हा जुळते, पण मूळचे मोठे कण जाऊन सुमारे ०.३ मायक्रोमीटरचे कण येतात आणि भुकटीतच भरपूर निग्राहिता उपजते. ‘एचडीडीआर’ (हायड्रोजन शोषण, विघटन, हायड्रोजन उत्सर्जन व पुनःसंयोग यांच्या इंग्रजी नावांची आद्याक्षरे) नावाची ही पद्धत जपानमधील ताकेशिता व नाकायामा यांनी १९८९ मध्ये मांडली. तिची भुकटी राळेत बांधून चुंबक करतात.

यातील खरे कोडे स्मृतीचे आहे. मूळ स्फटिक पार मोडला तरी पुन्हा जुळलेले असंख्य बारीक कण पुष्कळदा त्याच दिशेने उभे राहतात. ही दिशा कोण लक्षात ठेवते? शोधकांच्या पहिल्या मतानुसार कोबाल्ट, झिर्कोनियम, गॅलियम यांसारख्या भरीमुळे मूळ संयुगाचे सूक्ष्म अवशेष विघटनातून वाचतात व तेच बीजाचे काम करतात. दुसऱ्या मतानुसार लोह बोराइडाचे कण मूळ स्फटिकाशी ठरावीक कोन राखून तयार होतात. दिशा त्यांच्यात साठते. गुटफ्लाइश व सहकाऱ्यांनी मधल्या टप्प्यावरील, लोहाचे प्रमाण अधिक असलेल्या बोराइडाकडे लक्ष वेधले. पुढे हायड्रोजनचा दाब कमी ठेवून विघटन संथ केले असता कोबाल्टाच्या भरीवाचूनही दिशा टिकते असे दिसून आले. त्यामुळे अवशेषांची उपपत्ती एकटी पुरी पडत नाही व बोराइडाचे पारडे जड ठरते. तरी दोन्ही यंत्रणा एकाच भुकटीत चालू असणे अशक्य नाही.

हानी व पुनर्वापर : उष्ण दमट हवेत पाण्याची वाफ कणसीमेवरील निओडिमियमाशी संयोग पावते, हायड्रॉक्साइड बनते व हायड्रोजन सुटतो. तो लगेच शेजारच्या निओडिमियमात शिरतो आणि कण सुटे होऊन गळतात. निकेलच्या लेपाला टाचणीच्या टोकाएवढे छिद्र असले तरी पुरते. लेप देण्याआधीच्या आम्लधुलाईतही हा धोका असतो. हीच क्रिया बर्मिंगहॅमच्या गटाने भंगारातील संगणकी हार्डडिस्कवर वापरली : आतला चुंबक हायड्रोजनमध्ये भुगा होतो, निकेलचे कवच सालीसारखे सुटते, आणि भुगा हायड्रोजनमुळे निग्राहिता गमावून बसलेला असल्याने पोलादाला चिकटून न राहता चाळणीतून सहज खाली पडतो.