नावात अर्धंच पाणी: कलमाचा घडीचा चाकू पारखताना

ऑगस्ट लागला की तासगाव, मिरज, कवठेमहांकाळ भागात द्राक्षाची कलमं भरायची लगबग सुरू होते. डॉगरीज जातीच्या खुंटाला (मुळं पुरवणाऱ्या वेलीला) चीर द्यायची, वाणाच्या काडीची पाचर करायची, दोन्हींच्या सालीखालचा हिरवा थर एकमेकांना भिडवायचा आणि पट्टी आवळायची. पाचरेचा काप एका ओढीत, सपाट आला पाहिजे. तो खडबडीत आला तर मध्ये फट राहते आणि कलम जुळण्याआधीच काडी सुकते. म्हणून नवा चाकू घेताना पहिला प्रश्न असतो, "स्टील कुठलं?" पात्यावर कोरलेल्या नावात याचं अर्धंच उत्तर असतं. उरलेलं अर्धं पाण्यात, म्हणजे स्टील तापवून-बुडवून कडक करण्यात.

लोहार पाणी देतो तेच कारखान्यातही होतं, फक्त मोजूनमापून. १०९५ हे साधं कार्बन स्टील, कार्बन सुमारे ०.९५ टक्के. ते ८०० अंशांच्या आसपास तापवून तेलात बुडवलं की काचेसारखं कडक आणि तितकंच ठिसूळ होतं. मग सुमारे २०० अंशांवर पुन्हा शेकून ठिसूळपणा उतरवतात. शेक जास्त झाला तर तेच स्टील मऊ पडतं. हा कडकपणा रॉकवेल मापात मोजतात: हिऱ्याचं शंकूसारखं टोक १५० किलोच्या भाराने दाबायचं आणि खळगा किती खोल गेला ते पाहायचं. चांगली घडीची पाती साधारण ५५ ते ६१ मध्ये बसतात.

स्टेनलेसची गोष्ट वेगळी. गंज रोखायला निदान १०.५ टक्के क्रोमियम लागतं. डी२ या चाकूच्या स्टीलमध्ये ते १२ टक्के असतं, तरी डी२ गंजतं. कारण त्यात कार्बन दीड टक्का. तो बरंचसं क्रोमियम कार्बाइडच्या कठीण कणांत अडकवून ठेवतो. आणि हो, लोहचुंबक चिकटलं म्हणजे स्टेनलेस नकली, हा निकष चाकूला लावू नका. ताटं-वाट्यांचं ३०४ स्टील चुंबकाला दाद देत नाही, पण त्याला पाणीही चढत नाही. पाणी चढणारं स्टेनलेस चुंबकाला चिकटणारच.

ते कार्बाइडचे कणच कलमाच्या कामात आडवे येतात. चांगल्या धारेचं टोक एका मायक्रॉनहून (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहून) बारीक असतं, तर डी२ मधले मोठे कण वीस-तीस मायक्रॉनचे. अशी धार बारीक करवतीसारखी चालते. दोरी कापायला उत्तम, पाचरेला नको. त्यापेक्षा बारीक कणांचं १०९५ किंवा स्टेनलेसपैकी १४सी२८एन बरं, आणि दोन्हींना साध्या दगडावर धार लागते. महाग स्टील म्हणजे आपल्या कामाचं स्टील, असं गणित इथे जमत नाही.

चाकू हातात आला की आधी सांधा पाहा. पातं उघडून टोकाजवळ पाठीकडून धरा आणि हलवा. डावी-उजवीकडे खेळ असेल तर स्क्रू पाव आटा आवळून निघतो. वर-खाली असेल तर खोड कुलपाच्या, म्हणजे उघडं पातं जागी अडवणाऱ्या भागाच्या, बैठकीत आहे, चाकू परत करा. पट्टीचं कुलूप असेल तर पट्टी पात्याच्या बुडाच्या साधारण एक तृतीयांश रुंदीवर टेकलेली हवी. नवीनच चाकूत ती पार दुसऱ्या कडेला पोचली असेल तर झिजायला जागाच उरली नाही. कलमाच्या पात्याला बहुधा एकाच बाजूने धार असते, तेव्हा डावखुऱ्याने उलट बाजूचं पातं मागून घ्यावं.

आता स्टीलची परीक्षा. ओळखीचा एक चाकू सोबत घ्या. दोन्हींना त्याच दगडावर, त्याच कोनात धार लावा. नाहीतर स्टीलऐवजी कोनच मोजला जातो. लाकडी फळीवर काथ्याची दोरी कापत जा आणि दर दहा कापांनंतर वर्तमानपत्राचा कागद कापून पाहा. कागद फाटायला लागला की थांबून धार दिव्याखाली धरा. तीक्ष्ण धार दिसत नाही. बोथट झालेली जागा पांढरी चमकते. मग दहा पट भिंग लावा. धार एका बाजूला दुमडली असेल तर पाणी कमी पडलंय. दाते पडले असतील तर पाणी जास्त चढलंय किंवा धारेचा कोन फार बारीक आहे. सारखी गोलावली असेल तर ती नुसती झीज, ती चालते.

पहिल्याच परीक्षेत नवा चाकू नापास झाला तरी लगेच फेकू नका. कारखान्यात पट्ट्यावर धार लावताना टोकाचा पातळ थर अनेकदा जळून मऊ पडतो. दगडावर दोन-तीनदा धार लागली की खालचं चांगलं पोलाद वर येतं. कोरड्या ग्राइंडरवर मात्र हेच उलटं होतं. कार्बन स्टीलच्या कडेवर निळी झाक आली म्हणजे तिथे ३०० अंशांच्या आसपास उष्णता पोचली आणि तेवढ्या भागाचं पाणी उतरलं. शिवाय फिरता धारवाला सवयीने दोन्ही बाजूंनी धार काढून ठेवतो, आणि मग पाचर वाकडी येते.

गंजासाठी पात्यावर लिंबाचा थेंब रात्रभर ठेवा. १०९५ वर सकाळी करडा-काळा डाग दिसेल. तो डाग म्हणजे दोष नव्हे, तांबडे खड्डे पडले तर दोष. एका वेलीचा रोग दुसरीला लागू नये म्हणून दोन वेलींच्या मधे पातं स्पिरिटने पुसा. ब्लीचिंगचं पाणी वापरलं तर स्टेनलेसलाही खड्डे पडतात. सांध्यात शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब पुरे. शेंगदाण्याचं तेल घातलं तर महिन्या-दोन महिन्यांत त्याचा चिकटा होऊन पातं उघडेनासं होतं.